जबड्यातली फसवी गाठ: डेस्मोप्लास्टिक अमेलोब्लास्टोमा

१८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. आजही इथे सांगली-जतपासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट येतात. जबड्याला फुगवटा आलाय, तुकडा तपासायला पाठवू, असं डॉक्टरांनी म्हटलं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: कॅन्सर तर नाही ना? पेशंट मावा खाणारा असेल तर जीव आणखीच टांगणीला लागतो.

असा फुगवटा कधी अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या गाठीचा असतो, आणि ती तंबाखूने होत नाही. दात घडवणाऱ्या पेशींपैकी काही जबड्यात मागे राहून जातात, त्यांच्यातून ही गाठ उठते असं मानतात. ती सहसा दूर पसरत नाही, पण हाड पोखरते. अर्धवट काढली तर पुन्हा येते.

१८२७ मध्ये क्युसॅक यांनी तिची नोंद केली. १८८५ मध्ये मालासे यांनी तिला वेगळं नाव दिलं, तर आजचं नाव आयव्ही आणि चर्चिल यांचं, १९३० मधलं. ओळखायची कसोटी मात्र १९७० मध्ये व्हिकर्स आणि गॉर्लिन यांनी घालून दिली: सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या बेटांच्या, म्हणजे पुंजक्यांच्या, कडेला उंच पेशींचं कुंपण, त्यांची केंद्रकं गडद आणि तळापासून वर सरकलेली.

१९८४ मध्ये एव्हरसोल आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या डेस्मोप्लास्टिक प्रकारात नेमकं हे कुंपणच सापडत नाही. स्लाइडभर गुलाबी, दाट कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे तंतू. त्यात चेपलेली, टोकदार, वेडीवाकडी बेटं. कडेच्या पेशी चपट्या किंवा ठेंगण्या, आतल्या चातीसारख्या निमुळत्या. वर्गात शिकवलेली खूण शोधत बसलात तर निदान हातचं जातं. कुठेतरी एखाद्याच बेटाच्या कडेला उंच पेशी दिसतात, तेवढ्यासाठी सगळी स्लाइड पालथी घालावी लागते.

एक्स-रेही चकवतो. नेहमीची गाठ बहुतेकदा खालच्या जबड्यात मागे, साबणाच्या फुग्यांसारखी दिसते. ही पुढच्या दातांपाशी, वरच्या जबड्यातही तितकीच, पांढरी-काळी मिसळलेली आणि धूसर कडांची. त्यामुळे हाडाचाच आजार वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हिला स्वतंत्र प्रकार मानलं आणि २०१७ मध्ये पुन्हा नेहमीच्या अमेलोब्लास्टोमात घातलं. वागणूक सारखीच असल्याने ते मला पटतं. तरीही रिपोर्टवर ‘डेस्मोप्लास्टिक’ हा शब्द लिहायलाच हवा, कारण कडा धूसर असताना हाड कुठपर्यंत काढायचं हे सर्जनला ठरवायचं असतं. आणि वरवर घेतलेल्या छोट्या तुकड्यात कधी नुसतं कोलॅजनच येतं. पॅथॉलॉजिस्ट पुन्हा तुकडा मागतो तो अशा वेळी.