दर आठ तासांनी म्हणजे नेमकं काय?

अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या, म्हणजे जीवाणू मारणाऱ्या औषधाच्या पाकिटावर 'दिवसातून तीन वेळा', म्हणजेच दर आठ तासांनी, असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ बहुतेकदा सकाळ, दुपार, रात्र असा लावला जातो. सकाळी ८, दुपारी १, रात्री ८. आता मधली अंतरं मोजा: पाच तास, सात तास आणि रात्रभराचे सलग बारा तास. गोळ्या तीन पोटात गेल्या, पण त्या बारा तासांतला बराचसा काळ जीवाणूंना मोकळं रान मिळालं.

याचं कारण औषधाच्या स्वभावात आहे. मूत्रपिंडं नीट काम करत असतील तर अमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर तासाला निम्मं होत जातं. आठ वेळा निम्मं झालं की मूळ प्रमाणाचा जेमतेम २५६वा भाग उरतो. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली इतर औषधं जीवाणूची भिंत बांधणारी यंत्रणा बंद पाडतात. जीवाणू वाढत असतो, भिंत मात्र पुरी होत नाही, आणि आतल्या दाबाने तो फुटतो. हे घडायला औषधाचं प्रमाण एका किमान पातळीच्या वर पुरेसा वेळ टिकावं लागतं. दोन डोसांमधल्या वेळेपैकी साधारण ४० ते ५० टक्के तरी. पातळी त्या रेषेच्या कितीही वर नेली तरी जीवाणू फारसे लवकर मरत नाहीत. म्हणून सकाळची चुकलेली गोळी रात्रीच्या गोळीबरोबर घेतल्याने नुकसान भरून निघत नाही. पोट बिघडण्याची शक्यता तेवढी वाढते.

तीन डोस असतील तर सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० ही विभागणी बहुतेकांना जमते. मिनिटाचा काटा पाळायची गरज नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो, बारा तासांची खिंड नको. डोस विसरला आणि पुढच्याला बराच वेळ असेल, तर आठवल्याबरोबर घ्यावा. पुढची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्यावा आणि नेहमीच्या वेळेला एकच डोस घ्यावा.

सगळ्या अँटिबायोटिकांचं घड्याळ असंच चालत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत शिरून बसतं आणि शरीरातून निम्मं बाहेर पडायला त्याला जवळपास तीन दिवस लागतात. त्यामुळे ते दिवसातून एकदाच आणि बहुतेकदा तीन ते पाच दिवसच दिलं जातं. गोळ्या संपल्यावरही त्याचं काम चालू राहतं. 'तीनच गोळ्यांनी काय होणार' म्हणून स्वतःहून आणखी घेणं त्यामुळेच चुकीचं. जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांचा हिशेब आणखी वेगळा: तिथे पातळी किती उंच गेली यावर परिणाम ठरतो, म्हणून अनेकदा दिवसाचा डोस एकदमच देतात.

लहान मुलांच्या औषधात चुका सर्वांत जास्त होतात, त्यामुळे तिथे थोडं थांबू. मुलांच्या अमॉक्सिसिलिनची बाटली पावडरच्या रूपात येते, कारण पाण्यात मिसळल्यावर औषधाचा रेणू हळूहळू तुटायला लागतो. पाणी घालण्याआधी बाटली हलवून तळाशी बसलेली पावडर सुटी करून घ्यावी. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत ओतावं, झाकण लावून जोरात हलवावं, फेस बसू द्यावा आणि मग पातळी बरोबर खुणेवर आणावी. फेसाच्या वरच्या कडेला खूण समजून थांबलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक मापात औषध जास्त जातं. औषध विक्रेत्याने पाणी घालून दिलेलं असेल तर पुन्हा घालू नये. बाटलीवर मिसळल्याची तारीख लिहावी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे जोडऔषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि ते ७ दिवसच टिकतं. गोठवायचं मात्र नाही. त्यामुळे उपचार १० दिवसांचा असेल तर दुसरी बाटली लागणार, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

प्रत्येक वेळी बाटली हलवली नाही तर पहिल्या दिवसांत पातळ आणि शेवटी घट्ट औषध मिळतं. मापासाठी घरातला चमचा नको, कारण चमच्यांचे आकार फार वेगवेगळे असतात. खुणा असलेली तोंडाने द्यायची सिरिंज सर्वांत भरवशाची. आणि लेबलवरची तीव्रता वाचा: ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ आणि ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ अशा दोन बाटल्या दिसायला सारख्याच असतात. डॉक्टरांनी २०० मिग्रॅ सांगितलं असेल तर पहिलीतून ८ मिली आणि दुसरीतून ४ मिली द्यावं लागेल. बाटली बदलली आणि मिलीचा आकडा तोच ठेवला, तर डोस थेट दुप्पट किंवा निम्मा होतो.

'जेवणानंतर घ्या' ही सूचनाही सरसकट नाही. अमॉक्सिसिलिन कसंही चालतं. त्यात क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर जेवणाच्या सुरुवातीला घ्यावं, पोटाला कमी त्रास होतो. क्लॉक्सासिलिन रिकाम्या पोटी हवं: जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधा-दह्याबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियम त्याला पकडून ठेवतं आणि औषध आतड्यातून रक्तात पुरेसं शिरत नाही. अ‍ॅसिडिटीची मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमची औषधं, लोह आणि जस्ताच्या गोळ्या हेच करतात. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या निदान २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्यावं. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते, आणि ती जखम फार दुखते. हे औषध चालू असताना उन्हात त्वचाही लवकर भाजते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर ३ दिवस दारू टाळावी.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत. मूत्रपिंडाचा आजार, कारण अनेक अँटिबायोटिकांचा डोस त्यानुसार कमी करावा लागतो. गरोदरपण. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, ज्याचा परिणाम बऱ्याच अँटिबायोटिकांमुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर क्लॅरिथ्रोमायसिन देत नाहीत; स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन घेताना टाचेच्या वरची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) दुखायला लागली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावं. ती शीर तुटू शकते, आणि ६० वर्षांवरील तसंच स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका जास्त असतो.

अ‍ॅलर्जीबद्दल नुसतं 'मला पेनिसिलिन चालत नाही' हे पुरेसं नाही. काय झालं होतं, किती वेळाने आणि कोणत्या वयात, हे सांगा. मळमळ किंवा जुलाब ही अ‍ॅलर्जी नव्हे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अशी नोंद असलेल्यांची नीट तपासणी केली, तर दहापैकी नऊ जणांना ती नसते. चुकीच्या नोंदीमुळे मात्र त्यांना आयुष्यभर जास्त व्यापक मारा करणारी औषधं मिळत राहतात. उलट डोस घेतल्यावर अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, भोवळ येणं ही खरी आणीबाणी. तिथे वाट बघू नये, तातडीने रुग्णालय गाठावं.

'कोर्स पूर्ण करा' या वाक्याबद्दल गेल्या काही वर्षांत समज बदलली आहे. जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. गोळी आजारी जागेपुरती राहत नाही. आतड्यात नांदणारे असंख्य निरुपद्रवी जीवाणूही तिच्या माऱ्यात सापडतात, आणि त्यांच्यातले औषधाला दाद न देणारे मागे उरतात. ती क्षमता देणारी जनुकं ते दुसऱ्या जातीच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. म्हणून प्रत्येक अनावश्यक दिवस महागात पडतो. साध्या न्यूमोनियाला रुग्ण सुधारत असेल तर अनेकदा ५ दिवस पुरतात. पण स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीत पेनिसिलिन १० दिवस देतात, कारण तिथे नंतर हृदयाच्या झडपा खराब करणारा संधिवाताचा ताप टाळायचा असतो. साध्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार ६ महिने चालतो. बरं वाटणं या तिन्ही आजारांत लवकर येऊ शकतं, त्यामुळे दिवस आपल्या अंदाजाने कमी करता येत नाहीत. लवकर बरं वाटलं तर डॉक्टरांना फोन करून 'आता थांबवू का' हे विचारणं मात्र रास्त आहे.

सर्दी, फ्लू आणि बहुतांश घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नसते, स्वतःचं प्रथिन बनवण्याचं यंत्रही नसतं, म्हणजे अँटिबायोटिकने मारा करावा असं तिथे काही नाही. शेंबूड किंवा कफ हिरवा झाला एवढ्यावरून जीवाणूंचा संसर्ग ठरत नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. शंका असेल तिथे लघवी, रक्त किंवा पुवाची कल्चर तपासणी होते. तिचा नमुना शक्यतो पहिल्या डोसाच्या आधी द्यावा, नाहीतर जीवाणू प्रयोगशाळेत वाढतीलच असं नाही. अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतर औषध बदललं जाऊ शकतं. ४८ ते ७२ तासांत ताप किंवा दुखणं कमी झालं नाही तर पुन्हा दाखवावं, डोस वाढवू नये.

गोळ्या उरल्याच तर पुढच्या तापासाठी राखून ठेवू नयेत, कुणाला देऊही नयेत आणि शौचालयात टाकू नयेत. औषध विक्रेता परत घेत असेल तर त्याच्याकडे द्याव्यात. आणि औषध संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा वारंवार पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा आणि ताप सुरू झाला, तर जुलाब थांबवायची गोळी घेऊ नये. आतड्यातले नेहमीचे रहिवासी मेल्यावर क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जीवाणू तिथे फोफावू शकतो, आणि त्याचं विष आतड्यात अडकून राहणं धोक्याचं असतं. डॉक्टरांकडे जाताना पूर्वी घेतलेल्या औषधाचं नाव आणि ते कधी संपलं ती तारीख सोबत न्यावी.