मीटरचा लाल दिवा लुकलुकला म्हणून बिल वाढत नाही

सोलापुरात मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू झाले की दरवर्षी एकच बोलणं कानावर येतं: "लाल दिवा बघा कसा लुकलुकतोय, मीटर पळवलंय!" कित्येक जण तर त्यावर स्टिकर चिकटवतात. दिवा झाकून एक पैसाही वाचत नाही.

जुन्या मीटरमध्ये चकती फिरायची, तिचंच काम आता हा दिवा करतो. मीटरवर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं छापलेलं असेल, तर ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होतं. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तो आधी वाचा.

मग घड्याळ लावून बसा. घरातलं सगळं बंद करून फक्त पंखा लावा. ३२०० वाल्या मीटरवर दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकला तर पंखा साधारण ७५ वॅट घेतोय. आता २००० वॅटचा गीझर लावा. मिनिटाला शंभराच्या वर, मोजताही येत नाही! बिल कुठून येतं ते तिथं डोळ्यांना दिसतं. फ्रिज मात्र एका मिनिटात कळत नाही, कारण कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो थांबतोही कमी. त्याला तासभर द्या.

बाजारात मिळणारे काही घरगुती वीज मॉनिटर याच दिव्यावर सेन्सर चिकटवून त्याचं लुकलुकणं मोजतात. म्हणूनच सांगते, स्टिकर काढा.