दुकानदारांची टोकनं: गल्लीतलं आणि गिरणीच्या काळातलं

इंग्लंडमधल्या दुकानदारांची जुनी टोकनं, म्हणजे सुट्या पैशांऐवजी त्यांनी स्वतः पाडून घेतलेली नाणी, म्हटलं की दोन निराळ्या काळांचं तांबं एकाच डबीत पडतं. अडचण दोन्ही वेळी एकच होती: सरकार पुरेसे सुटे पैसे पाडत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला मोड तर द्यायलाच हवी. पण १६५० च्या आसपासचं टोकन आणि १७९० चं टोकन यांची जात वेगळी आहे.

आधीचं हातात घ्या. पातळ, आपल्या आजच्या रुपयापेक्षाही लहान. १६४९ साली इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, पाडायचे राजपरवाने तोवर मोडीत निघाले होते. मग किराणावाले, मेणबत्तीवाले, खानावळवाले यांनी आपापली फार्दिंगं पाडून घेतली. वर दुकानदाराचं नाव, गाव आणि दुकानावरच्या पाटीचं चित्र. वाचता न येणाऱ्यालाही साखरेची सुळक्यासारखी ढेप, म्हणजे किराणावाल्याची खूण, ओळखता येई. मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटतात ती मधली तीन अक्षरं: वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. दुकान दोघांचं होतं, हे त्या चिमुकल्या तांब्यावर आजही वाचता येतं. काही टोकनं तर विधवांनी स्वतःच्या नावानं काढली. चलन मात्र एखाददोन गल्ल्यांपुरतं, कारण त्यापुढे त्या नावाला ओळखणार कोण? १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं स्वतःची तांब्याची नाणी काढली आणि टोकनांवर बंदी घातली.

दुसरी लाट १७८७ ची. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरीस माइन या तांब्याच्या खाणीच्या कंपनीनं ड्रुइडचं (प्राचीन केल्टिक पुजाऱ्याचं) मस्तक असलेली जाड पेनी काढली, वजन सुमारे २८ ग्रॅम. तिच्या कडेवर लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे देण्याचा वायदा कोरलेला. वायदा शेजाऱ्याचा नव्हता, कंपनीचा होता. तिच्यामागोमाग दुकानदारही आले. पुढे १७९७ मध्ये बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन यानं सरकारसाठी पेनी पाडली, तेव्हा या टोकनांची गरज ओसरली. (याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीत १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडले गेले.)

या दुसऱ्या काळातली बरीच टोकनं मुळात संग्राहकांसाठीच पाडलेली आहेत. त्यामुळे एखादं अगदी कोरं, तुकतुकीत सापडलं, तर ते कधी दुकानाच्या गल्ल्यात पडलंच नसण्याची शक्यता मोठी. झिजलेलं, वेडंवाकडं आणि मधे तीन अक्षरं असलेलं सापडलं, तर ते पहिल्या काळातलं.