नाशिक जिल्ह्यातील खेकडे, शिंपले व झिंगे (गोड्या पाण्यातील लघुमासेमारी)

गोदावरी, दारणा, कादवा व गिरणा या नद्या, त्यांना मिळणारे ओढे आणि पश्चिम पट्ट्यातील भातखाचरे यांतून हाताने किंवा साध्या साधनांनी खेकडे, शिंपले, झिंगे व गोगलगायी पकडण्याचा व्यवसाय. पकडीचा मोठा भाग घरी शिजतो. उरलेला आठवडे बाजारात जातो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा तालुक्यांत महादेव कोळी, कोकणा, ठाकर, वारली व कातकरी, तर पूर्वेकडे नदीकाठी भोई व भिल्ल मुख्यतः हे काम करतात.

प्राचीनत्व : हा व्यवसाय किती जुना, हा मुद्दा वादग्रस्त आहे. गोदावरी खोऱ्यातील जुन्या गाळाच्या थरांत शिंपल्यांच्या झडपा (कवचाचे दोन भाग) वारंवार सापडतात. नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिक जी. ई. पिलग्रिम यांना याच गाळात हत्तीचे जीवाश्म मिळाले होते. म्हणजे या गाळात असे अवशेष नैसर्गिकरीत्याही साठतात. त्यामुळे नदीकाठच्या वसाहतीत शिंपला आढळला, एवढ्यावरून तो माणसाने खाल्ला असे ठरत नाही. दोन्ही झडपा जुळलेल्या आणि लहानमोठे सर्व वयाचे शिंपले एकत्र असतील, तर तो नैसर्गिक साठा मानतात. सुट्या, पूर्ण वाढीच्या झडपा राख-कोळशाबरोबर मिळाल्या, तर आहाराचा अर्थ लावता येतो. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हापासून गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. या वस्त्यांच्या, जोर्वे गावावरून नाव पडलेल्या जोर्वे संस्कृतीचा मुख्य काळ सामान्यतः इ. स. पू. १४०० ते १००० च्या सुमाराचा धरला जातो. या वस्त्यांतील लोक शेती व पशुपालनाला नदीतील आहाराची जोड देत होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र शिंपले हा त्यांचा मुख्य आहार होता, असे म्हणणे पुराव्याच्या पुढे जाणे होईल.

शिंपले : लॅमेलिडेन्स व पॅरेशिया या प्रजातींचे शिंपले वाळूमिश्रित गाळात अर्धवट रुतून राहतात. त्यांची पिल्ले आरंभी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात व नंतर तळाशी गळून पडतात. योग्य जातीचा मासा नसेल, तर नवी पिढी तयार होत नाही. पूर्ण वाढीचा शिंपला मात्र अनेक वर्षे जगतो. त्यामुळे डोहात मोठे शिंपले दिसतात म्हणून साठा शाबूत आहे, हा समज फसवा असतो. लहान शिंपले दिसतात की नाही, हे पाहिले पाहिजे. दारणा (१९१६) व गंगापूर (१९६५) धरणांनी प्रवाह बदलला. नंतर वाळूउपसा, शहराचे सांडपाणी आणि नदीपात्रातील काँक्रीट यांनी तळच बदलून टाकला. जलाशयांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ व पुढे पसरलेला तिलापिया यांमुळे स्थानिक माशांची जागा आक्रसली, आणि त्याचा फटका शिंपल्यांनाही बसणे क्रमप्राप्त आहे.

झिंगे : गोदावरीचा मोठा झिंगा (मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी) समुद्राजवळच्या मचूळ पाण्याशिवाय आपले बाल्य पूर्ण करू शकत नाही. तेथून पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. गोदावरीची लांबी १,४६५ किमी. असून नाशिक तिच्या उगमाजवळ आहे. हा झिंगा येथवर येत असे, असे काही जण मानतात. परंतु एवढे अंतर पाहता, नाशिककडील झिंगे मुख्यतः गोड्या पाण्यातच जीवनक्रम पूर्ण करणाऱ्या लहान जातींचे असावेत, हे मत स्वीकारणे बरे. खालच्या अंगाला आंध्र प्रदेशातील धवळेश्वरमचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला आणि पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये. त्यानंतर वर येण्याची वाट उरलीच नाही.

खेकडे : आज खऱ्या अर्थाने टिकून आहे ती खेकड्यांची पकड. काळपट, मोठ्या खेकड्याला पश्चिम पट्ट्यात मुठा म्हणतात. गोड्या पाण्यातील खेकड्याला समुद्राची गरज नसते. अंड्यांतून थेट पिल्लेच बाहेर येतात व मादी ती पोटाखालच्या झडपेत सांभाळते. म्हणून धरणांनी त्याचे फारसे बिघडले नाही. पहिल्या पावसानंतर रात्री बॅटरीच्या उजेडात, किंवा दिवसा बांधावरच्या बिळात हात घालून तो पकडतात. पूर्वी टेंभे वापरत. नांग्या व पाय वाटून केलेला रस्सा सर्दी-पडशावर देतात. मात्र हंगाम आणि पिल्ले सांभाळणाऱ्या माद्यांचा काळ एकच असल्याने एक मादी गेली की सारी वीण जाते. अशी मादी सोडून देण्याइतका सोपा व बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही. कीटकनाशके हा दुसरा धोका. खेकडा व झिंगा हे कीटकांप्रमाणेच संधिपाद (सांधेदार पायांचे प्राणी) असल्याने शेतातून ओढ्यात उतरणारे औषध त्यांना माशांच्या आधी मारू शकते.

नोंदी व हक्क : जलाशयातील मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतात व उत्पादन माशांच्या वजनात मोजले जाते. ओढ्यातून वेचलेला, बाईच्या टोपलीतून घरी गेलेला खेकडा त्या हिशेबात येत नाही, म्हणून त्याची घटही कागदावर उमटत नाही. नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले व २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. संरक्षणाचा भर पक्ष्यांवर आहे, आणि परिसरातील मासेमारांवर बंधने आली आहेत.

गोगलगायी : आदिवासी पट्ट्यात पावसाळ्यात वेचून, उकडून खातात.