अल्कीन बहुवारिकीकरण : धातू-उत्प्रेरक आणि अभिक्रियेची यंत्रणा

एथिलीन, प्रोपिलीन यांसारखे अल्कीनांचे (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांचे) लहान रेणू धातूच्या अणूवर एकामागून एक जोडून लांब साखळी घडवण्याची क्रिया. चिक्कोडी, अथणीच्या ऊसपट्ट्यात या साखळ्या रोज हाताळल्या जातात: साखरेचे विणलेले पोते पॉलिप्रोपिलीनचे, सरीतली ठिबकची नळी पॉलिएथिलीनची.

जुन्या पद्धतीत एथिलीन हजारावर वातावरण इतक्या दाबाखाली मुक्त मूलकांनी (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणांनी) जोडले जाई आणि साखळीला वेड्यावाकड्या फांद्या फुटत. १९५३ मध्ये जर्मनीतील म्यूलहाइम येथे कार्ल झीग्लर यांनी टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ट्रायएथिल ॲल्युमिनियम एकत्र करून साध्या दाबातच सरळ साखळ्या मिळवल्या. या शोधाची सुरुवात एका फसलेल्या प्रयोगापासून झाली. ॲल्युमिनियमवर साखळी वाढवताना ती ब्यूटीनवरच, म्हणजे चार कार्बनांच्या अल्कीनवरच, थांबली. भांड्यात राहिलेला निकेलचा अंश त्याला कारण होता. एवढासा निकेल हे करतो, तर इतर धातू काय करतील, हा त्यांनी घेतलेला शोध या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. १९५४ मध्ये मिलानच्या जूलिओ नात्ता यांनी प्रोपिलीनच्या सुबक साखळ्या बनवल्या. दोघांना १९६३ चे नोबेल मिळाले.

कोसी व आर्लमन या रसायनशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार ॲल्युमिनियम संयुग टायटॅनियमला अल्किल गट (कार्बन-हायड्रोजनचा तुकडा, इथे एथिल) देते. त्या गटाशेजारी एक जागा रिकामी असते. अल्कीनचा दुहेरी बंध तिथे येऊन बसतो, चार अणूंची कडी क्षणभर जुळते आणि साखळी नव्या रेणूवर सरकते. पुन्हा एक जागा रिकामी होते. म्हणजे ऊस शेंड्याकडून वाढतो तशी ही साखळी वाढत नाही. ती केसासारखी मुळाकडून वाढते. धातूभोवतालच्या दाटीमुळे प्रोपिलीनचा रेणू दरवेळी एकाच अंगाने बसतो, त्याचे मिथिल गट (एक कार्बन व तीन हायड्रोजनचे फाटे) एका बाजूला राहतात, साखळ्या स्फटिकात नीट रचल्या जातात. म्हणून पॉलिप्रोपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि त्याच्या पट्ट्या विणून पोते होते. हे मिथिल गट कसेही विखुरले असते तर हाती मऊ, चिकट गोळा आला असता.

साखळी धातूपासून सुटते ती मुख्यतः बीटा स्थानावरील (धातूपासून दुसऱ्या कार्बनवरील) हायड्रोजन तिच्यातून निघाल्याने. लांबी आवरण्यासाठी कारखान्यात हायड्रोजन वायू मिसळतात. पुढे टायटॅनियमला मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार आला, मग कामिन्स्की या रसायनशास्त्रज्ञाचे झिर्कोनियमचे मेटॅलोसीन (दोन कार्बनी कड्यांमध्ये धातूचा अणू असलेले संयुग), ज्यात सर्व सक्रिय जागा सारख्या असतात.

ठिबकची नळी लवचीक राहावी म्हणून एथिलीनबरोबर थोडे ब्यूटीन मुद्दाम घालतात. त्यामुळे साखळीवर आखूड फांद्या येतात.