पार्श्वभूमी : मेलाटोनिन 'पूरक' ठरले त्याची गोष्ट

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला हृदयरोगतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे मांडलेल्या एका अभ्यासाने वर्षानुवर्षे मेलाटोनिन (रात्री शरीर स्वतः बनवते त्या संप्रेरकाची गोळी) घेऊन झोपणाऱ्यांची झोपच उडवली. जुनाट निद्रानाश असलेल्या सुमारे १ लाख ३० हजार प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी त्यासाठी तपासल्या होत्या. ज्यांच्या नोंदीत वर्षभर किंवा अधिक काळ मेलाटोनिन होते, त्यांच्यापैकी ४.६ टक्के लोकांना पाच वर्षांत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाल्याचे, निदान झाले. ज्यांच्या नोंदीत ते नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण २.७ टक्के निघाले. मृत्यूचे प्रमाण ७.८ विरुद्ध ४.३ टक्के. बातम्यांनी यातला 'जवळपास ९० टक्के जास्त धोका' तेवढा उचलला.

पण 'ज्यांच्या नोंदीत ते नव्हते' या शब्दांपाशी थांबायला हवे. नोंदीत नव्हते म्हणून पोटातही नव्हते, असे होत नाही. अमेरिकेत मेलाटोनिनची बाटली किराणा दुकानात जीवनसत्त्वांच्या फळीवर असते आणि ती विकत घेणाऱ्याची नोंद कुठल्याही दवाखान्यात होत नाही. ब्रिटनमध्ये तेच घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ज्या माहितीसाठ्यावर अभ्यास बेतला होता, त्यात दोन्ही प्रकारच्या देशांतले रुग्ण होते आणि कोण कुठला हे संशोधकांना दिसत नव्हते. म्हणजे 'न घेणाऱ्यां'च्या रांगेत रोज रात्री गोळी घेणारे किती उभे होते, हे मोजायची सोयच नव्हती. ही अडचण त्यांनी स्वतःच मान्य केली. तिचे मूळ मात्र त्यांच्या कामात नाही, मेलाटोनिनला औषध न मानता 'पूरक' (सप्लिमेंट) म्हणून विकू देणाऱ्या १९९४ च्या एका अमेरिकी कायद्यात आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९१७ मध्ये असे दिसले की गाईच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा अर्क पाण्यात टाकला की बेडकाची शेपटीवाली पिल्ले फिकट पडतात. चाळीस वर्षांनी, १९५८ मध्ये, न्यू हेवनमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने तोच धागा पकडून हजारो जनावरांच्या ग्रंथींतून नेमका पदार्थ, म्हणजे मेलाटोनिन, वेगळा काढला. त्याला कोडावर काही उपाय सापडतो का ते पाहायचे होते. तो उपाय सापडला नाही. माणसाच्या त्वचेवर या पदार्थाचा बेडकासारखा परिणाम होतच नाही. नाव मात्र मेलानिन या रंगद्रव्यावरून पडले ते पडलेच. झोपेशी, किंवा अधिक नेमके सांगायचे तर रात्रीशी, असलेले नाते पुढे हळूहळू उलगडले. प्रखर उजेडाने माणसातले मेलाटोनिन दबते हे १९८० मध्ये सिद्ध झाले आणि मग रात्रपाळी, विमानप्रवास, अंधत्व यांच्याशी त्याचा संबंध लागू लागला.

आता १९८९. हे वर्ष मेलाटोनिनच्या इतिहासात सहसा येत नाही, पण माझ्या मते खरी सुरुवात तिथेच आहे. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अमेरिकेत झोपेसाठी सर्रास विकले जात होते. शरीर त्यापासून सेरोटोनिन बनवते आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन. त्या वर्षी ट्रिप्टोफॅन घेणाऱ्यांमध्ये तीव्र स्नायुदुखीचा एक विचित्र आजार पसरला. दीड हजारांहून अधिक लोकांना तो झाला, तिसाहून अधिक दगावले. शोध घेता संशय एका जपानी उत्पादकाच्या मालावर आला. अमेरिकेच्या अन्न-औषध नियामकाने (एफडीए) ट्रिप्टोफॅन बाजारातून मागे घ्यायला लावले आणि अशा सगळ्याच गोळ्या-पुड्यांवर कडक नियम आणायची तयारी सुरू केली.

त्यावर उलटी लाट आली. जीवनसत्त्वे विकणाऱ्या उद्योगाने ग्राहकांना हाताशी धरून मोहीम उघडली: सरकार तुमची व्हिटॅमिन सी काढून घेणार आहे. टीव्हीवर एक जाहिरात लागे. त्यात एका प्रसिद्ध नटाच्या घरावर शस्त्रधारी पोलीस धाड टाकतात आणि तो कळवळून सांगतो की अहो, ही नुसती जीवनसत्त्वे आहेत. लोकप्रतिनिधींकडे पत्रांचा पाऊस पडला. ऑक्टोबर १९९४ मध्ये कायदा झाला, तो नियामकाला हव्या त्या दिशेच्या नेमका उलट. ट्रिप्टोफॅनच्या बळींनी सुरू झालेली गोष्ट ट्रिप्टोफॅनपासूनच बनणाऱ्या संप्रेरकाला मोकळे रान देऊन संपली, याची फारशी चर्चा तेव्हाही झाली नाही.

सगळी गुंतागुंत आहे ती या कायद्यातल्या 'पूरक' या शब्दात. मराठीत पूरक म्हणजे कमी पडते ते भरून काढणारे. पोटात लोह कमी गेले तर लोहाची गोळी, दूध कमी पडले तर कॅल्शियमची. या अर्थाने मेलाटोनिन कशाची भर घालते? आहारातली तर नाहीच. अक्रोडात, आंबट चेरीत ते असते हे खरे, पण इतके कणभर की एका गोळीइतके मिळवायचे म्हटले तर पोटात मावणार नाही. शरीरात त्याची 'कमतरता' झाली असे निदान करून गोळी देण्याचीही रीत नाही. निद्रानाशाच्या बहुतेक रुग्णांची मेलाटोनिनची पातळी कुणी मोजलेलीच नसते. हे संप्रेरक आहे. थायरॉईडचे संप्रेरक कुणी फळीवर ठेवून विकत नाही, इन्सुलिन तर नाहीच.

पण कायद्यातली व्याख्या ऐसपैस होती. जीवनसत्त्व, खनिज, वनस्पती, अमिनो आम्ल आणि शिवाय 'आहारातील एकूण सेवन वाढवणारा पदार्थ' असे सगळे तिच्या पोटात मावले. कायद्याच्या आधीपासून बाजारात असलेल्या घटकांना नवीन म्हणून सूचना देण्याची अटही नव्हती. मेलाटोनिनच्या बाटल्या तेव्हा दुकानांत पोचलेल्या होत्या, त्यामुळे ते अलगद आत आले. बदल्यात विक्रेत्याने एवढेच पाळायचे की लेबलवर रोगाचे नाव घ्यायचे नाही. 'निद्रानाशावर' म्हणता येत नाही, 'शांत झोपेला साहाय्य' म्हणता येते. खाली बारीक अक्षरात लिहायचे की हे विधान नियामकाने तपासलेले नाही आणि कोणताही आजार बरा करण्याचा उद्देश नाही. म्हणजे निद्रानाशासाठी घेतला जाणारा पदार्थ कायद्याने निद्रानाशासाठी नाहीच. मग तो निद्रानाशात दहा वर्षे घेतला तर काय होते, हे शोधायची जबाबदारी कुणावर? औषध असते तर कंपनीवर असती.

१९९५ मध्ये तर कहर झाला. म्हातारपण, कर्करोग, कामवासना, सगळ्यांवर मेलाटोनिनचा उतारा सांगणारी पुस्तके धडाधड खपली आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. त्याच सुमारास बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, एमआयटी या संस्थेत, रिचर्ड वर्टमन यांच्या गटाचे मात्रेवर काम चालू होते. निष्कर्ष असा की ०.३ मिलिग्रॅमसुद्धा पुरते. २००१ मध्ये त्याच गटाने पन्नाशीपुढच्या निद्रानाशी लोकांत पाहिले, तर ३ मिलिग्रॅमने शरीराचे तापमान उतरले आणि रक्तातली पातळी दिवस उजाडल्यावरही चढीच राहिली. एमआयटीने १ मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेचे पेटंट घेतले होते. स्वामित्वधन टाळण्यासाठी उत्पादक त्याहून मोठ्या गोळ्या विकू लागले, असे वर्टमन यांचे म्हणणे. खरे असेल तर आज बाटलीवर दिसणाऱ्या ५ आणि १० या आकड्यांमागे शरीरशास्त्र कमी आणि वकिली जास्त आहे.

अटलांटिकच्या पलीकडे उलटे घडले. ब्रिटनने १९९५ मध्येच मेलाटोनिन औषध मानून खुली विक्री थांबवली. युरोपीय संघाने २००७ मध्ये २ मिलिग्रॅमच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळीला परवाना दिला, तो ५५ वर्षांवरच्यांसाठी आणि आधी तीन आठवड्यांपुरता. पुढे ही मुदत तेरा आठवडे झाली. 'दीर्घकाळ' या शब्दाचे माप इथे कळते. या परवान्यात तेरा आठवडे ही वरची मर्यादा, तर न्यू ऑर्लिन्सच्या अभ्यासात किमान मोजणीच बारा महिन्यांची. मधल्या पट्ट्यात पुरावा विरळ आहे. युरोपही अगदी सरळ राहिला असे नाही. झोपेआधी १ मिलिग्रॅम घेतल्यास डोळा लागायला कमी वेळ लागतो, असा दावा खाद्यपदार्थांवर छापायला त्याने २०१२ मध्ये मुभा दिली. एकच रेणू १ मिलिग्रॅमला अन्न आणि २ मिलिग्रॅमला औषध!

फायदा किती, याचेही उत्तर मथळ्यांत येत नाही. २०१३ मध्ये १९ चाचण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबात झोप सरासरी सात मिनिटे लवकर लागत होती आणि एकूण आठ मिनिटे वाढत होती. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांच्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन वापरू नये असेच सुचवले, पुरावा कच्चा आहे असे सांगून. बाजारावर त्याचा ओरखडाही उमटला नाही. अमेरिकी प्रौढांतला वापर १९९९-२००० मध्ये ०.४ टक्के होता, तो २०१७-१८ पर्यंत २.१ टक्क्यांवर गेला. मुलांनी, बहुतेकदा चुकून, गिळल्याच्या, तिथल्या विषबाधा केंद्रांकडे येणाऱ्या तक्रारी २०१२ मध्ये आठ हजारांच्या आसपास होत्या, २०२१ मध्ये बावन्न हजारांवर पोचल्या.

आणि बाटलीत असते काय? कॅनडात ३१ उत्पादने तपासली, तर प्रत्यक्षातले मेलाटोनिन लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त भरले. आठांत सेरोटोनिनही सापडले. हे २०१७ चे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २५ प्रकारच्या गमी (चघळायच्या गोड गोळ्या) तपासल्या, त्यातल्या २२ ची लेबले चुकीची निघाली. एकीत तर मेलाटोनिन मुळीच नव्हते.

म्हणून २०२५ च्या आकड्यांकडे पुन्हा पाहताना दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. ज्यांना डॉक्टर वर्षभर मेलाटोनिन लिहून देतात, त्यांचा निद्रानाश मुळातच जास्त हट्टी असणार, सोबत नैराश्य किंवा चिंता असण्याची शक्यताही मोठी. आणि झोप न लागणे हे हृदय थकू लागल्याचे आधीचे लक्षणही असू शकते. मेलाटोनिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती झालेल्यांचा आकडा १९ टक्के, म्हणजे निदानाच्या ४.६ टक्क्यांहून कितीतरी मोठा, कारण भरती मोजताना संबंधित इतर निदानांचे कोडही धरले होते. हा अभ्यास परिषदेत मांडला तेव्हा तज्ज्ञ-परीक्षणातून गेलेलाही नव्हता. पण किमान ९० दिवसांच्या अंतराने दोन चिठ्ठ्या असलेल्यांपुरते पाहिले, तरी धोका ८२ टक्के जास्तच दिसला. सगळे नोंदींच्या घोळावर ढकलून मोकळे होता येत नाही ते यामुळे. अमेरिकेतल्या पूरक-उद्योगाला मात्र तसे मोकळे होण्याची फार घाई झालेली दिसते.

आपल्याकडे चित्र दोन्हीकडचे मिसळलेले आहे. औषधाच्या दुकानात ३ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचे पाकीट मिळते. ऑनलाइन मागवले तर तोच पदार्थ गमीच्या किंवा जिभेवर विरघळणाऱ्या पट्टीच्या रूपात येतो आणि डब्यावर १४ आकडी अन्नपरवाना क्रमांक असतो. तिसरा मार्ग सामानातून येतो: मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेल्या आई-बाबांच्या बॅगेतली १० मिलिग्रॅमची मोठी बाटली. रक्तदाबाच्या तपासणीला गेल्यावर डॉक्टर विचारतात, आणखी कोणती औषधे चालू आहेत? उत्तर येते, 'औषध नाही हो, झोपेसाठी ते नॅचरल काहीतरी घेते.' केसपेपरवर ते लिहिले जात नाही.