किमान रक्कम भरली म्हणजे व्याज टळते का?

‘क्रेडिट कार्डाच्या बिलातील किमान देय रक्कम वेळेत भरली की व्याज लागत नाही,’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण तेवढी रक्कम भरल्यावर विलंब शुल्क खरोखरच टळते. व्याज मात्र उरलेल्या बाकीवर चालूच राहते आणि पूर्ण बिल फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही, मग ती महिन्याच्या किराण्याची का असेना, बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही.

समजा, बाकी 20,000 रुपये, व्याजदर दरमहा 3.5 टक्के आणि किमान रक्कम 1,000 रुपये आहे. महिन्याचे व्याज 700 रुपये आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी 126 रुपये होतो. म्हणजे बेताच्या पगारातून बाजूला काढलेल्या हजारातले जेमतेम 174 रुपये मुद्दलात जातात.

पडताळण्यासाठी लागोपाठची दोन बिले शेजारी ठेवावीत, त्यांत ‘फायनान्स चार्जेस’ ही ओळ शोधावी (व्याज बहुधा याच नावाने दाखवलेले असते) आणि नवी खरेदी वगळून बाकी किती घटली ते पाहावे. कार्डाचा वापर थांबवून 2,000 रुपये भरता आले, तर याच हिशेबाने पहिल्याच महिन्यात मुद्दल 1,174 रुपयांनी उतरते.